पेशव्यांचे चित्र आणि गोदातीरावरील पत्रे : उत्तर पेशवाईतील सार्वजनिक व खाजगी व्यक्तित्व

(१) प्रश्नाचे स्वरूप

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात व्यक्तिचित्रांचा उपयोग बहुधा दोन प्रकारांनी होत आलेला आहे. एक तर ग्रंथाच्या प्रारंभी चरित्रनायकाचे दर्शन घडावे म्हणून चित्र छापावयाचे. आणि दुसरे म्हणजे त्या चित्रातील मुद्रेवरून नायकाच्या स्वभावाविषयी विधाने करावयाची. नाना फडणविसांचा कृश चेहरा पाहून त्यांची धूर्तता वर्णावयाची व सवाई माधवरावांचा कोवळा चेहरा पाहून त्यांच्या अकाली मृत्यूची चाहूल त्यात शोधावयाची, ही रीत वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. एखादे पत्र पुराव्यादाखल घेताना ते कोणी लिहिले, कोणास लिहिले, कोणत्या हेतूने लिहिले आणि ते अस्सल की नक्कल, याची चिकित्सा अभ्यासक कसोशीने करतो. चित्राच्या बाबतीत मात्र ही दक्षता शिथिल होते. डोळ्यांना जे दिसते ते सत्यच असणार, असा एक अबोल विश्वास त्यामागे असतो.

उत्तर पेशवाईत, विशेषतः इ. स. १७९० ते १७९५ या पाच-सहा वर्षांत, पुण्याच्या दरबारातील प्रमुख व्यक्तींची पाश्चात्त्य पद्धतीची तैलचित्रे प्रथमच तयार झाली. याच व्यक्तींच्या अंतरंगावर प्रकाश टाकणारी काही अगदी वेगळ्या जातीची साधनेही उपलब्ध आहेत. त्यांपैकी महत्त्वाची साधने पुण्याबाहेर, नाशिकच्या परिसरात आणि वाईजवळ, म्हणजे गोदावरी व कृष्णा या दोन नद्यांच्या काठी शोधावी लागतात. या दोन प्रकारच्या साधनांचा परस्परसंबंध कोणता, आणि चित्रातील पेशव्यावरून खऱ्या सवाई माधवरावांविषयी किती बोलता येते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

(२) 'दौलत' आणि 'खासगी'

सार्वजनिक व खाजगी हा भेद आज सहज गृहीत धरला जातो. त्यातील 'खाजगी' या शब्दाने आज माणसाच्या मनातील, इतरांपासून राखून ठेवलेला भाग सूचित होतो. अठराव्या शतकातील मराठी दप्तरांत 'खासगी' हा शब्द विपुल आढळतो. परंतु त्याचा अर्थ निराळा आहे. तेथे 'खासगी' म्हणजे धन्याच्या कुटुंबाचा स्वतंत्र खर्च, स्वतंत्र उत्पन्न आणि स्वतंत्र कारखाने. 'दौलत' अथवा 'सरकार' यांचा हिशेब एकीकडे आणि 'खासगी'चा हिशेब दुसरीकडे. होळकरांच्या घराण्यात तर खासगीची जहागीर दौलतीहून वेगळी मोडत असे आणि ती घरातील कर्त्या स्त्रीच्या हाती राही. अहिल्याबाई होळकरांच्या दानधर्माचा व बांधकामांचा विस्तार समजून घेताना हा भेद फार उपयोगी पडतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, सार्वजनिक व खाजगी यांतील सीमारेषा त्या काळच्या माणसांना अज्ञात नव्हती. दुसरी अशी की, ती सीमारेषा ते मनाच्या आत ओढीत नसत. घराच्या चौकांत, वहीच्या पानांत आणि कोठीच्या कुलपांत ओढीत. वाड्याचा बाहेरचा चौक, कचेरी, दिवाणखाना, माजघर, देवघर आणि निजावयाची खोली असा क्रम लावला, म्हणजे बाहेरून आत जाण्याची ती एक पायरीपायरीची वाट होती. तेव्हा अठराव्या शतकातील माणसाचे खाजगी व्यक्तित्व शोधावयाचे असेल, तर त्याच्या चेहऱ्याइतकेच त्याच्या वाड्याकडे आणि त्याच्या कागदांकडे पाहिले पाहिजे.

(३) नाशिक : राज्याच्या आड असलेले घर

हाच क्रम वाड्यापुरता न ठेवता पेशव्यांच्या भूगोलास लावून पाहिला, तर पुणे हा दौलतीचा दिवाणखाना आणि नाशिक हे माजघर होते, असे म्हणावयास हरकत नाही. नाशिक-त्र्यंबक हे क्षेत्र पेशव्यांच्या श्रद्धेचे स्थान होते. त्र्यंबकेश्वराच्या आजच्या मंदिराचे काम नानासाहेब पेशव्यांनी आरंभिले. नाशिक शहरात नारोशंकराचे, सुंदरनारायणाचे व काळारामाचे मंदिर ही पेशवेकालीन सरदारांची कामे असून सरकारवाडा पेशव्यांच्या सत्तेची खूण म्हणून उभा राहिला. परंतु क्षेत्र म्हणून नाशिकला जे महत्त्व होते, त्याहून वेगळे असे एक महत्त्व त्यास पेशव्यांच्या कुटुंबामुळे आले. दरबारातून बाहेर पडलेली, रुसलेली, दुरावलेली अथवा दूर ठेवलेली माणसे गोदातीरी येऊन राहू लागली.

त्यांपैकी एका बाजूस गोपिकाबाई. वाईच्या रास्ते घराण्यातील ही कन्या नानासाहेब पेशव्यांची पत्नी. ज्येष्ठ पुत्र विश्वासराव जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर पडला. त्याच वर्षी जूनमध्ये पतीचा अंत झाला. दुसरे पुत्र थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने गेले आणि तिसरे नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारले गेले. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत राज्यकारभारातील मतभेदांमुळे गोपिकाबाई पुण्याहून निघाल्या व नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीकाठी राहिल्या. १७८८ मध्ये त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या बाजूस रघुनाथराव. गंगापुरापासून थोड्याच अंतरावर, त्याच नदीच्या काठी, आनंदवल्ली येथे त्यांचा वाडा होता. पत्नी आनंदीबाई हिच्या नावाशी या गावाचे नाव जोडले जाते. पुतण्याविरुद्ध त्यांनी उभारलेल्या बंडाचा शेवट १७६८ मध्ये याच प्रदेशातील धोडपच्या किल्ल्याजवळ झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते गोदाकाठीच कोपरगावी राहिले आणि १७८३ मध्ये तेथेच वारले. पुढे आनंदीबाईंचा अंत १७९४ मध्ये आनंदवल्लीस झाला. त्यांचा पुत्र बाजीराव, म्हणजे नंतरचा दुसरा बाजीराव, या गोदाकाठच्या स्थानबद्ध घरातच वाढला.

अशा रीतीने खून झालेल्या पेशव्याची आई आणि ज्याच्यावर त्या खुनाचा आरोप होता त्याचे कुटुंब, ही दोन्ही घरे नाशिकच्या पंचक्रोशीत आली. पुण्याच्या दरबारी चित्रात यांपैकी कोणीही नाही. परंतु त्या चित्राच्या मध्यभागी बसलेल्या तरुणाचे आयुष्य या दोन घरांनी घडविलेले आहे.

गोपिकाबाईंनी आपल्या अल्पवयीन नातवास, सवाई माधवरावांस, पाठविलेले उपदेशपर पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पेशव्याने दिवस कसा घालवावा, याची शिस्त त्यात सांगितली आहे. पहाटेच्या स्नानसंध्येपासून पूजा, अभ्यास, दरबार, वडीलधाऱ्यांचा मान आणि कारभाऱ्यांशी वागणूक येथपर्यंत तिचा विस्तार आहे. आजीच्या पत्रात मायेचा ओलावा शोधणाऱ्या वाचकास ते कोरडे वाटण्याचा संभव आहे. तथापि, हा कोरडेपणाच त्या पत्राचा अर्थ आहे. ज्या स्त्रीने आपले तिन्ही पुत्र राज्याला दिले, तिने उरलेल्या एकुलत्या नातवास सांगितले ते एवढेच, की पेशवा म्हणून दिसावयाचे कसे. घराच्या आतून आलेले हे पत्र सार्वजनिक व्यक्तित्व घडविण्याची संथा देते. कौटुंबिक पत्र म्हणजे खाजगी मनाचा पुरावा, हे समीकरण येथेच डळमळते.

(४) वेल्सचे चित्र

कंपनी सरकारचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास नियुक्त झाला. त्याला चित्रकलेची व प्राचीन वास्तूंची आवड होती. गंगाराम तांबट या पुण्यातील कुशल कारागिराकडून त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करवून घेतली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्रही याच गंगारामने काढले. १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस आला आणि मॅलेटच्या निमंत्रणावरून पुढच्या वर्षी पुण्यात दाखल झाला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे केली. शनिवारवाड्यात देशी चित्रकारांना पाश्चात्त्य पद्धती शिकविण्याची जी व्यवस्था मॅलेटच्या प्रेरणेने झाली, तिच्याशीही त्याचे नाव निगडित आहे. नोव्हेंबर १७९५ मध्ये साष्टीतील लेण्यांच्या रेखाटनाच्या कामात असताना तो वारला.

त्याच्या कामगिरीत १७९२ चे एक भव्य चित्र विशेष प्रसिद्ध असून ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. रत्नालंकारांनी मंडित असा अठरा वर्षांचा पेशवा बैठकीवर बसला आहे. जवळच पांढऱ्या पोशाखातील पन्नाशीचे नाना फडणवीस आहेत. मागे सेवक उभे आहेत. धनी अलंकारांनी झळकतो आणि कारभारी साधेपणाने उठून दिसतो. प्रत्यक्ष सत्ता कोणाच्या हाती होती हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकास या मांडणीतील समतोल लक्षात आल्यावाचून राहत नाही. पेशव्याचा मान आणि कारभाऱ्याचा अधिकार या दोहोंपैकी कशासही धक्का न लावता दोघांना एका चौकटीत बसविणे, हे चित्रकारापुढील खरे काम होते.

या चित्राचे तंत्र येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. मुघल व दख्खनी परंपरेतील दरबारी व्यक्तिचित्र बहुधा एकचश्म असे. म्हणजे चेहरा पूर्णपणे एका बाजूस वळलेला आणि एकच डोळा दिसणारा. अशा चित्रातील व्यक्ती प्रेक्षकाकडे पाहत नाही. तिचा दर्जा, पोशाख, शस्त्र व आसन यांवरून तिची ओळख पटते. ते चित्र मनाचा ठाव दाखविण्याचा आव आणीत नाही. युरोपीय तैलचित्रात चेहरा अंशतः वळलेला, प्रकाश एका बाजूने पडलेला आणि गालावर, पापणीखाली व ओठांच्या कडेस छाया असते. त्या छायेमुळे चेहऱ्यामागे काही दडलेले आहे, असा भास उत्पन्न होतो. याच भासाला अभ्यासक 'व्यक्तिमत्त्वाचे दर्शन' म्हणतो. वस्तुतः ती एक चित्रपद्धती आहे. लंडनमधील न्यायाधीश, आरमारी अधिकारी आणि व्यापारी यांनाही ती तशीच लावली जात असे. पुण्याच्या पेशव्याच्या चेहऱ्यावर दिसणारे गांभीर्य किती पेशव्याचे आणि किती त्या पद्धतीचे, हे वेगळे काढणे दुष्कर आहे.

सार्वजनिक प्रतिमा कशी रचली जाते, याचे याहूनही ठळक उदाहरण तहाच्या चित्रात मिळते. टिपूविरुद्ध इंग्रज व पेशवे यांच्यात १ जून १७९० रोजी तह झाला आणि त्याच्या मान्यतेची कागदपत्रे ६ ऑगस्ट रोजी दरबारात सादर करण्यात आली. हा प्रसंग दर्शविणारे मोठे तैलचित्र टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पुरे केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. प्रसंग घडला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलेला नव्हता. त्याने नंतर दरबारातील व्यक्तींची रेखाटने केली. त्याच्या मृत्यूनंतर ती रेखाटने डॅनियलच्या हाती गेली. आणि प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी, हजारो कोसांवर हे दृश्य साकार झाले. तोवर चित्रातील पेशवा मरून दहा वर्षे व नाना फडणवीस मरून पाच वर्षे लोटली होती, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पुण्याचे स्वातंत्र्यही गहाण पडले होते. चेहरे खरे, वेष खरे, परंतु त्यांचे एकत्र येणे चित्रकाराने घडविलेले. मॅलेटच्या पुण्यातील राजकीय यशाचे ते स्मारक होय. खुद्द मॅलेटची भारतीय सहचरी अंबर कौर व त्यांची मुले हा त्याच्या पुण्यातील आयुष्याचा खाजगी भाग होता. या स्मारकात त्याला जागा नाही. सार्वजनिक चित्राची ही वगळण्याची रीत पेशव्यास आणि इंग्रज वकिलास सारखीच लागू पडली.

(५) नानांनी स्वतःविषयी लिहिलेले

नाना फडणवीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, यांचा जन्म फेब्रुवारी १७४२ चा. पानिपतच्या लढाईच्या वेळी त्यांचे वय एकोणीसहून किंचित कमी होते. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर ते आई व पत्नी यांसह उत्तरेस गेले होते. पराभवाच्या दिवशी ते रणांगणातून निसटले, पायी भटकत कसेबसे वाचले. पत्नी पुढे भेटली, आई मात्र गमावली. या आयुष्याच्या पहिल्या खंडाचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला असून मराठी गद्यातील आत्मकथनाचा तो एक जुना व महत्त्वाचा नमुना आहे. ब्रिग्ज याने त्याचा इंग्रजीत अनुवाद केल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो युरोपीय वाचकांस परिचित झाला.

या लहानशा लेखनाचे वैशिष्ट्य त्याच्या प्रांजळपणात आहे. बालपणीची देवपूजेची ओढ, तारुण्यातील कामविकार, त्यांच्याशी चाललेला झगडा, पळून जातानाची भीती आणि जीव वाचल्याबद्दल ईश्वराविषयी वाटणारी कृतज्ञता, हे सर्व त्यात आले आहे. पुढील चाळीस वर्षे ज्याच्या मनाचा थांग मित्रांना वा शत्रूंना लागला नाही, अशी ज्याची ख्याती, त्या पुरुषाने आपले दौर्बल्य स्वहस्ते लिहून ठेवावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

येथे दोन तरुण शेजारी ठेवून पाहावेत. १७६१ मधील नाना आणि १७९२ मधील सवाई माधवराव यांचे वय जवळपास एकच, अठरा वर्षांचे. एकाने आपले मन लिहून ठेवले. पण त्या वयातील त्याचा चेहरा वेल्ससारख्या चित्रकाराने टिपलेला नाही. दुसऱ्याचा चेहरा जगातील एका नामांकित संग्रहात सुरक्षित आहे. पण त्याने असे आत्मकथन मागे ठेविले नाही. नानांच्या बाबतीत चित्र आणि शब्द यांचा ताळा घेता येतो, तेव्हा १७९२ मधील कृश व संयमी कारभाऱ्यामागे भेदरलेला, स्वतःला दोष देणारा आणि देवाचा धावा करणारा तरुणही होता, हे कळते. हे ज्ञान चित्रातून आलेले नाही. चित्र कितीही वेळ न्याहाळले तरी ते त्यातून आले नसते.

तथापि आत्मवृत्तालाही निर्भेळ अंतरंग मानणे योग्य होणार नाही. त्यातील पश्चात्तापाची भाषा भक्तिमार्गाच्या परंपरेतून आलेली आहे. देवापुढे स्वतःचे दोष सांगण्याची रीत संतांनी मराठी माणसास शिकविलेली होती, आणि नानांना आपल्या मनाकडे पाहण्यासाठी तीच दृष्टी उपलब्ध होती. गोपिकाबाईंचे पत्र जसे घरातून आलेले असूनही सार्वजनिक, तसे नानांचे कथन अंतरीचे असूनही परंपरेच्या साच्यातील आहे. फरक एवढाच की, पहिल्याचा साक्षी दरबार आहे आणि दुसऱ्याचा साक्षी देव.

(६) वाड्याच्या आतील भिंती

देव साक्षी असलेल्या या व्यक्तित्वाचे चित्ररूप कोठे पाहावे? त्याचे उत्तर वाड्यांच्या भिंतींवर मिळते. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी नानांनी वाडा व घाट बांधला. सहा चौकांच्या त्या विस्तीर्ण वाड्यात भित्तिचित्रे असून त्यांचे विषय मुख्यतः पौराणिक आहेत. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे होळकरांचा वाडा रंगमहाल या नावाने ओळखला जातो. तेथील कोरीव लाकडी खांबांइतकीच त्याची भित्तिचित्रेही प्रसिद्ध आहेत. मराठा वाड्यांतील या चित्रांत दारावरील गणेशपट्टी, ऋद्धिसिद्धींसह गणपती, दशावतार, रामाचा पट्टाभिषेक, कृष्णलीला आणि गजलक्ष्मी हे विषय पुनःपुन्हा येतात. भिंतीच्या चुन्याच्या गिलाव्यावर खनिज रंगांनी केलेले हे काम राजस्थानी व दख्खनी शैलींचा मेळ घालून स्वतःची धाटणी घडविते.

या चित्रांत घरधन्याचा चेहरा प्रधान नसतो. पाश्चात्त्य समजुतीप्रमाणे घराच्या आत गेल्यावर माणसाचे अधिक जवळचे, अधिक निःसंकोच चित्र मिळावयास पाहिजे. येथे त्याच्या उलट घडते. जसजसे आत जावे तसतसा माणसाचा चेहरा मागे पडतो आणि देवांचे चेहरे पुढे येतात. याचा अर्थ त्या माणसांना खाजगी आयुष्य नव्हते, असा करणे चुकीचे ठरेल. निजण्यापूर्वी आणि जागे झाल्यावर ज्या आकृतींवर त्यांची दृष्टी पडत असे, त्यांतच त्यांचे खाजगीपण सामावलेले होते. दिवसभर इतरांनी ज्याच्याकडे पाहिले, तो येथे स्वतः पाहणारा होतो. दरबारी चित्रात नाना हे दृश्य आहेत. मेणवलीच्या खोलीत ते द्रष्टे आहेत. चित्रकलेतून त्या काळच्या खाजगी व्यक्तित्वाचा शोध घ्यावयाचा, तर 'त्याचे चित्र कसे काढले गेले' या प्रश्नाबरोबर 'त्याने आपल्याभोवती कोणती चित्रे ठेविली' हाही प्रश्न विचारला पाहिजे.

या शोधात साधनांच्या विषम नाशाचीही जाणीव ठेवावी लागते. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जळाला आणि त्याबरोबर सवाई माधवराव ज्या भिंतींकडे पाहत वाढले त्या भिंती नाहीशा झाल्या. लंडनला गेलेले कापडावरील चित्र राहिले. पेशव्याचे सार्वजनिक रूप टिकले आणि त्याचे खाजगी परिसर नष्ट झाले, हे त्याच्या व्यक्तित्वाचे वैशिष्ट्य नसून आगीचे व संग्रहालयांचे कार्य आहे. मेणवली व चांदवड यांचे महत्त्व यामुळेच अधिक आहे. हरवलेल्या भिंतींची कल्पना त्यांच्यावरून करता येते.

(७) १७९५ चा मृत्यू आणि मागे वळून पाहण्याचा दोष

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. मराठी सत्तेच्या या विजयाच्या वेळी पेशवा स्वतः मोहिमेत होता. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १७९५ च्या अखेरीस, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि त्या दुखापतीने दोन दिवसांनी मृत्यू पावले. ज्वराच्या भ्रमात तोल गेला, की त्यांनी स्वतः उडी घेतली, हा वाद तेव्हापासून चालत आलेला आहे.

आत्महत्येच्या बाजूने जी कारणे मांडली जातात, त्यांत एका पत्रव्यवहाराला महत्त्व आहे. रघुनाथरावांचा पुत्र बाजीराव आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर जुन्नर-शिवनेरीच्या परिसरात नजरकैदेत होता. त्याच्यात आणि पेशव्यात, बळवंतराव नागनाथ याच्या मध्यस्थीने, गुप्तपणे चिठ्ठ्यांची देवघेव होऊ लागली. ती नानांना कळताच बळवंतरावास कैद झाली आणि पेशव्यावरील नजर अधिक कडक झाली. एकाच्या पित्याच्या खुनाचा ठपका दुसऱ्याच्या पित्यावर, अशा दोन चुलतघरांतील तरुणांनी एकमेकांशी स्नेह जोडू पाहावा, ही गोष्ट राज्याच्या दृष्टीने धोक्याची असेल. परंतु सवाई माधवरावांनी कोणाच्याही अनुज्ञेवाचून केलेली ही कृती होती. त्यांचे खाजगी व्यक्तित्व ज्यात खरोखर हाती लागते, असा हा प्रसंग आहे. गंगापूरच्या पत्राने त्यांना पेशवा म्हणून कसे वागावे हे सांगितले. गोदाकाठी वाढलेल्या, वडिलांच्या चुलतभावाशी झालेल्या पत्रव्यवहारात ते घटकाभर पेशवेपणाच्या बाहेर आले. दौलतीने मात्र त्या पत्रांना राजकारण ठरविले. ज्याचे सर्व आयुष्यच दौलतीचे, त्याच्या मैत्रीलाही खासगीत जमा धरण्याची सोय नव्हती.

आता पुन्हा १७९२ च्या चित्राकडे वळावे. मृत्यूची हकीकत ज्ञात असलेला वाचक त्या चेहऱ्यात विषण्णता पाहतो. त्याच चित्रातील नानांच्या सान्निध्यात त्याला पहारा दिसू लागतो. परंतु वेल्सने रंग भरले तेव्हा खर्डा झाला नव्हता, बळवंतराव पकडला गेला नव्हता, आनंदीबाई जिवंत होत्या. तीन वर्षांनंतरची घटना चित्रात आधीच वाचणे म्हणजे फळ पाहून बीजावर रंग चढविणे होय. या वाचनाचा परिणाम केवळ पेशव्यापुरता राहत नाही. चित्राच्या आधारे नानांवरही एक अलिखित आरोप ठेवला जातो आणि आत्महत्येचा प्रश्न कागदपत्रांनी सुटण्यापूर्वीच मुद्रेने सुटल्यासारखा वाटतो. अपघात की आत्मघात, याचा निर्णय पत्रे, अखबार व समकालीन हकीकती यांच्या तौलनिक परीक्षणावर अवलंबून आहे. त्या परीक्षणात वेल्सच्या चित्राला साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही.

(८) समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. उत्तर पेशवाईतील तैलचित्र हे अधिकाराचे चित्र आहे. त्यावरून पदाची प्रतिष्ठा, दरबारातील परस्परसंबंध, वेषभूषा आणि कंपनीच्या वकिलाची दृष्टी यांविषयी भरपूर माहिती मिळते. स्वभाव व मनःस्थिती यांविषयी त्यावरून बोलताना, चित्रपद्धतीने निर्माण केलेला भास वजा करावा लागतो. दुसरे असे की, खाजगी मानल्या गेलेल्या साधनांनाही आपापले साचे असतात. आजीचे पत्र दरबारी शिस्तीचे असू शकते आणि आत्मवृत्त भक्तीच्या परंपरेतून बोलू शकते. तिसरे असे की, भित्तिचित्रांचा अभ्यास शैली व कालनिर्णय यांपुरता न ठेवता, ती वाड्याच्या कोणत्या भागात आहेत आणि तेथे कोण बसत-उठत असे, या प्रश्नाशी जोडला पाहिजे. तसे केल्यास कलेचा इतिहास आणि व्यक्तींचा इतिहास एकमेकांस पूरक ठरतील.

नाशिकच्या दृष्टीने यातून एक निकडीचे काम पुढे येते. गंगापूर व आनंदवल्ली ही दोन्ही ठिकाणे आज वाढत्या शहराच्या कक्षेत आली आहेत. नाशिक शहरातील जुन्या वाड्यांची संख्या झपाट्याने घटत आहे आणि पावसाळ्याच्या ओलीने चुन्याच्या गिलाव्यावरील रंग दरवर्षी थोडाथोडा सुटतो. चांदवडच्या रंगमहालासारखी प्रसिद्ध वास्तू सोडली, तर सामान्य सरदार, सावकार व क्षेत्रोपाध्ये यांच्या घरांतील चित्रांची खोलीवार नोंद करणे हे विद्यापीठांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. भिंतीचे मोजमाप, चित्राचा विषय, त्याची दिशा, ती खोली कोणाच्या वापरात होती याविषयी त्या घराण्याचे कागद काय सांगतात, एवढ्या गोष्टी टिपल्या तरी पुढील अभ्यासाचा पाया घातला जाईल. पेशव्याचा चेहरा लंडनमध्ये सुरक्षित आहे. त्या काळची माणसे दरबारातून घरी परतल्यावर कशाकडे पाहत असत, हे सांगणाऱ्या भिंती मात्र येथेच आहेत आणि त्या फार काळ वाट पाहणार नाहीत.